पाणी बंद केलं ते दिवस

गणपती उठले की आमच्या गावात गोधड्या बाहेर पडतात. पितृपंधरवडा संपायच्या आत घर झाडून, धुऊन, पुसून घटासाठी मोकळं करायचं, ही रीत कंपन्या आल्या तरी मोडलेली नाही. पूर्वी ओढ्यावर आपटायच्या, आता गच्चीवर नळाच्या पाण्यात, एवढाच फरक. महाळुंग्याहून आमच्याकडे वळलं की या दिवसांत दोन्ही बाजूंच्या इमारतींचे कठडे ओल्या, रंगीबेरंगी गोधड्यांनी वाकलेले दिसतात. मागे कारखान्यांच्या निळ्या पत्र्याच्या शेड. पावसाने उघडीप दिलेली, उन्हाला धार आलेली, रस्त्यातल्या चिखलाची पुन्हा धूळ व्हायला लागलेली. लोकांना हे दिवस आवडतात. मला मात्र नकोसे वाटतात.

परवा मीही दोन गोधड्या काढल्या. बादलीत नळ सोडला आणि नकळत ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. मुलगी कॉलेजला निघालेली, दारातून बघत होती.

"आई, झालं का तुझं पुन्हा सुरू?"

तिला काय सांगायचं? पाण्याला वास काहीच नव्हता. तेव्हाही नव्हता.

त्या हंगामाला आता पाच वर्षं होतील. मी तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्य होते. हे सांगताना अजून थोडं चोरट्यासारखं होतं, कारण मी काही पुढारी नव्हे. मी ब्लाऊज शिवते. माहेर थेरगावचं, डांगे चौकाच्या मागचं. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या दारासमोर बाजरी डोलत होती, आता तिथे कंटेनर उभे असतात. आमच्या वार्डात बाईची जागा सुटली, तेव्हा तात्यांनी आमच्या ह्यांना विचारलं आणि ह्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तात्या म्हणजे गावचे सरपंच आणि आमच्या पॅनलचे कर्तेधर्ते. लग्न असो, मयत असो, पहिला माणूस तात्या. मी निवडून आले तेव्हा इतका गुलाल उधळला की आठवडाभर शिलाई मशीनच्या फटीत सापडत होता.

खालच्या वार्डात मात्र आमचं पॅनल पडलं. तिथे माझे दीर, विलासभावजी, उभे होते. त्यांना शब्बीरभाईंनी पाडलं. शब्बीरभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान खालच्या आळीच्या तोंडाशी आहे. घर पिढ्यान्‌पिढ्या गावातलं, आणि ते आमच्या ह्यांच्याच वर्गातले. गावातल्या विहिरींवरची एकही मोटार अशी नसेल जी त्यांच्या हाताखालून गेली नाही. निवडणुकीआधी ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. निकालानंतर डबे थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. विलासभावजींना काय वाटेल म्हणून आम्ही फराळ पाठवला नाही, फराळ आला नाही म्हणून त्यांनी शिरखुर्मा. पंचायतीच्या मीटिंगला आमचं पॅनल खिडकीच्या बाजूला बसायचं, त्यांचं दाराच्या, आणि चहासुद्धा दोन ट्रेमधून यायचा.

बातमी पहिल्यांदा सांगितली ती मंगलने. मंगल आमच्या गावची आशाताई, घरोघर फिरून गरोदर बायकांची, तापाच्या पेशंटची नोंद ठेवणारी. भर दुपारी आली, पाणी मागितलं, आणि तांब्या ओठाला लावायच्या आधी थबकली.

"ताई, हे वरच्या लायनीचं ना?"

"हो. का गं?"

"खालच्या आळीत कावीळ निघालीय. सात जण झाले. आणि सगळे एकाच लायनीवरचे."

आमच्या गावची पाण्याची टाकी वर टेकाडावर आहे. तिथून एक लाईन आमच्या वरच्या वार्डात येते आणि दुसरी गटाराच्या कडेने उतरत खालच्या आळीला जाते. सकाळी तासभर पाणी सुटतं, बाकीचे तेवीस तास पाइप रिकामा असतो. खालच्या आळीत जुन्या घरांबरोबर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. मराठवाडा, विदर्भ, बिहार, जिथून तिथून कंपनीत कामाला आलेली माणसं.

मी त्याच संध्याकाळी तात्यांकडे गेले. ते ओसरीवर बसले होते. नात झाली होती, म्हणून आधी पेढा हातावर ठेवला. मग ऐकून घेतलं.

"मंगल काय डॉक्टर हाय का?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात, "हे बघा ताई, तीन महिन्यांवर निवडणूक आली. खालचा वार्ड त्यांचा हाय. तिथं काय झालं तर लोक त्या सदस्याला धरतील. आपन आपल्या तोंडानं पानी खराब हाय म्हनलं, तर लोक इचारतील, सरपंच कोन? म्हंजी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा."

"पण तात्या, माणसं आजारी पडतायत."

"त्यातली निम्मी भाडेकरू. त्यांचं मतदान परभनीला न्हाईतर बिहारला. चार दिवस थांबा. ऊन पडलं की कमी व्हतं आपोआप."

पेढा हातातच होता. मी तो खाल्ला.

आणि मी थांबले. तीन दिवस थांबले. आज हे लिहितानाही ते तीन दिवस बोटांवर मोजले जातात. त्या तीन दिवसांत मी काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगता येईल: घटस्थापनेच्या ऑर्डरी होत्या, अठरा ब्लाऊज शिवले. पण मशीनचा आवाज थांबला की खालच्या आळीकडून येणारा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकायचे. रिक्षा थांबली की वाटायचं, आठवा. सकाळी पाणी सुटलं की माझ्या हंड्यात पडणारी धार बघायचे आणि मनात यायचं, हीच धार आत्ता तिकडेही पडतेय. कुणीतरी पोराला पेला भरून देतंय. मला माहीत आहे आणि त्या आईला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी रेखा आली.

रेखा जिंतूरकडची. नवरा एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, ही दुपारची माझ्याकडे ब्लाऊजला हूक आणि काजं करायला यायची. बावीस-तेवीसची असेल. सातवा महिना लागला होता. काम करताना पोटावर कापड ठेवायची आणि मधेच हसायची, "लाथ मारली बघा ताई, टाका चुकला." त्या दिवशी तिने चार वेळा सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला आणि सुई खाली ठेवली.

"कसंतरीच व्हायलंय, ताई. दोन दिस झाले, अन्न समोर आलं की मळमळायलंय."

मी तिला खिडकीपाशी घेतलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. ती हसत होती, मी काय बघतेय ते तिला कळलं नव्हतं. डोळ्यांचे कोपरे पिवळे होते.

मी पायांत चप्पल घातली आणि सरळ शब्बीरभाईंच्या दुकानात गेले. दिवसाढवळ्या, भर रस्त्याने. निवडणुकीनंतर त्या पायरीवर मी पहिल्यांदाच चढत होते. समोरच्या पानटपरीवर आमच्याच पॅनलचे दोघं उभे होते, त्यांनी बघितलं. त्यांनी बघितलं हे मी बघितलं.

शब्बीरभाई तांब्याची तार गुंडाळत होते. मला पाहून हात थांबला.

"वहिनी? घरी सगळं ठीक ना?"

मी एका दमात सांगितलं. मंगलचं, तात्यांचं, माझ्या तीन दिवसांचंसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला पाच दिवस झाले कळून."

"मग?"

"आमच्या पॅनलच्या साहेबांकडं गेल्तो मी. ते म्हनले, आत्ता गप ऱ्हा. अजून वाढू दे. पन्नास झाले की पंचायतीवर मोर्चा काढू, पेपरवाले बोलावू. आत्ता बोललास तर सरपंच लाईन दुरुस्त करून मोकळा व्हईल, आन् नाव त्याचं." त्यांनी तारेचं गुंडाळं बाजूला ठेवलं. "पाच दिवस मी बी गपच बसलो, वहिनी. तुमी तीन, मी पाच."

आमचे दोघांचे पुढारी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि दोघांनीही आम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. थांबा. एकाला आजार लपवायचा होता, दुसऱ्याला तो पिकवायचा होता. मधल्या मध्ये रोज सकाळी तासभर पाणी सुटत होतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आधी पान्याचा वॉल बंद करायचा. मंग बाकीचं."

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही टाकीखाली गेलो. पाणी सोडणारे म्हादूमामा चावी हातात धरून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. एवढ्या वर्षांत दोन पॅनलची माणसं एकत्र त्यांच्याकडे कधी आली नव्हती.

"सरपंचांचा फोन न्हाई आला मला."

"माझं नाव सांगा," शब्बीरभाई म्हणाले.

"आमची दोघांची सांगा," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता तितका ठाम निघाला नाही.

म्हादूमामांनी खालच्या लाईनचा वॉल्व्ह फिरवला. लोखंडाचा करकर आवाज झाला, बस. एवढंच होतं ते. पण तासाभरात पंचायतीसमोर हंड्यांची रांग लागली. घटस्थापना चार दिवसांवर, घराघरांत गोधड्या भिजवलेल्या, आणि पाणी बंद. एका म्हातारीने रिकामी कळशी माझ्या पायाशी आदळली. "घट काय तुज्या दारात येऊन बसवू का गं?" मी सांगत होते, कावीळ आहे, पाणी दूषित आहे, उकळून प्या, टँकर येईल. पण मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती. शब्बीरभाई बोलायचे तर मागून कुणीतरी ओरडायचं, "तू तर निवडणुकीचं बोलतोस!" आणि मी बोलले की, "तुमचाच सरपंच ना?" आम्ही दोघं मिळून उभे आहोत यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. प्रत्येक जण त्यात कुणाचा डाव आहे ते शोधत होता. त्यांना तरी काय दोष द्यायचा? डाव असल्याशिवाय गावात काही झालेलं त्यांनी पाहिलंच कुठे होतं?

तात्यांचा फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, मी तुमाला घरातलं मानूस समजत व्हतो."

मला वाटतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी एका कंपनीने टँकर दिला. आम्ही दोघांनी गेटवर उभं राहून, कंपनीच्या साहेबाला भेटून मागितला होता. टँकर पिंपळाखाली आला आणि पाण्याआधी तिथे पोरं पोचली, दोन्हीकडची, हातात फ्लेक्स घेऊन. आमच्या पॅनलचा फ्लेक्स इकडून बांधायचा की त्यांचा तिकडून, यावर बाचाबाची सुरू झाली. बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला, विदर्भातला कुणी होता. "भाऊ, मले दुसरी खेप आहे," तो म्हणाला. "तुमचं भांडण चालू द्या, पाणी मी सोडून देतो." आणि त्याने तोटी उघडली. बायका पुढे धावल्या आणि फ्लेक्स चिखलात पडले. त्या सबंध आठवड्यात मी एकदाच हसले असेन, ती तेव्हा.

लाईन कुठे फुटली ते शोधायला दोन दिवस गेले. शब्बीरभाई स्वतः खड्ड्यात उतरायचे. गटाराच्या कडेने खोदत खोदत ते वर सरकत होते, आणि मी काठावर उभी राहून मनातल्या मनात अंतर मोजत होते. कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं. पुढे विलासभावजींच्या खोल्या होत्या.

बारा खोल्या, दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या. रेखा त्यांतल्याच एका खोलीत राहायची. वास्तुशांतीला मी पुरणपोळ्या लाटल्या होत्या. तेव्हाच मी विचारलं होतं, "भावजी, शोषखड्डा कुठे काढलाय?" ते म्हणाले होते, "एवढा पावसाळा जाऊ द्या, वहिनी, मग काढतो." त्यांच्या बांधकामाला पंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता तेव्हा मीटिंगमध्ये मी हात वर केला होता. घरचंच काम होतं. पावसाळा गेला, दुसराही गेला. संडासाचं पाणी गटारात जात राहिलं आणि मी त्या वाटेने जाताना नाकाला पदर लावत राहिले.

भिंतीच्या बरोबर खाली पाइपचा जोड सडलेला सापडला. भोवती काळं पाणी साचलेलं. सकाळी तासभर पाइप भरून वाहायचा, आणि पाणी थांबलं की रिकामा होताना तेच काळं पाणी आत ओढायचा. शब्बीरभाई गुडघाभर घाणीत उभे होते. त्यांनी जोड बघितला, मग वर खोल्यांची भिंत बघितली, मग माझ्याकडे.

त्यांच्या खिशात फोन वाजत होता. त्यांच्या साहेबांना बातमी पोचली होती. त्यांनी उचलला.

"हां, सापडलं... न्हाई, फोटो न्हाई काढला... न्हाई काढनार." आणि ठेवला.

ते बाहेर आले, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या ग्रामसभा लावलीय. आधी तुमी बोला. तुमी न्हाई बोललात तर मी बोलनार हाय, ते मला टाळता यायचं न्हाई. पन आधी तुमी बोला, वहिनी."

ज्या माणसाने निवडणुकीत विलासभावजींना पाडलं, त्याच्या हातात आमचं सगळं घर सापडलं होतं. त्याने ते मला परत दिलं, फक्त एका दिवसासाठी. इतक्या वर्षांत राजकारणातलं याच्याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते फर्स्ट शिफ्ट करून आलेले, जेवत होते. घास तसाच राहिला. "तो माझा भाऊ आहे," ते म्हणाले. मी आमटी वाढली. मग ताटाच्या कडेची आमटी बोटाने पुसत ते म्हणाले, "पण खड्डा काढला नाही, हेही खरंच आहे."

ग्रामसभेत मी कागदावर लिहून नेलं होतं, वाचलं मात्र नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "पाइप माझ्या दिरांच्या खोल्यांखाली सडलाय. तिथे शोषखड्डा नाही, हे मला दोन वर्षं माहीत होतं. दाखल्याला हात मीच वर केला होता. आणि कावीळ निघाल्याचं कळल्यावर मी तीन दिवस गप्प बसले."

बाहेर कंपनीची बस वळत होती, तिचा आवाज आत आला. मग शब्बीरभाई उठले. "आन् मी पाच," ते म्हणाले आणि बसले. त्यांना हे बोलायची काही गरज नव्हती.

विलासभावजी उठून निघून गेले. जाताना माझ्या अंगावरून गेले, पण मी तिथे नसल्यासारखे. पुढच्या आठवड्यात त्यांनी शोषखड्डा काढला, लाईन दुसऱ्या बाजूने फिरवायला जागाही दिली. आमच्या घराशी बोलणं मात्र तिथेच संपलं. जाऊबाई कधीतरी बाजारात भेटायची, भाजीच्या पिशवीआड हात दाबायची आणि पुढे जायची.

मला वाटलं होतं, इथे हे संपेल. खरं सांगायचं तर खरी भीती इथून पुढे सुरू झाली.

पाणी बंद करून आठ दिवस झाले आणि पेशंट वाढले. पंधरा दिवस झाले आणि आणखी वाढले. आरोग्य केंद्रात निगडीहून रोज मोटारसायकलवर येणारे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्यापुढे मी अक्षरशः हात जोडले. "डॉक्टर, आता तर टँकरचं पाणी आहे. मग का?"

"ताई, आज ज्याचे डोळे पिवळे झाले, त्याने ते पाणी महिन्याभरापूर्वी प्यायलंय," ते म्हणाले. "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. पण ते दिसायला वेळ लागेल. तोवर वाढतच जाणार."

हे मी लोकांना कसं समजावू? लोक म्हणायचे, पाणी बंद करून काय मिळवलं? नवरात्रात प्यायला टँकर, अंघोळीला टँकर, आणि कावीळ आहेच. तात्यांची माणसं म्हणायची, बघा, पाण्याचा काही संबंधच नव्हता. पलीकडचे म्हणायचे, शब्बीरला सरपंचाने विकत घेतला. लाईन दुरुस्त होऊन पाणी पुन्हा सुटल्यावर आम्ही दोघं आणि मंगल रोज सकाळी तिच्या शेवटच्या नळावर जायचो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचा थेंब टाकायचा, रंग पिवळा आला की पाण्यात क्लोरीन आहे, पाणी चांगलं. त्या दिवसांत नळीतला पिवळा रंग बघून जीव भांड्यात पडायचा, आणि तिथून वळून कुणाच्या घरात शिरलो की तोच पिवळा रंग माणसाच्या डोळ्यांत दिसायचा. योग्य केल्यावर लगेच बरं वाटतं, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. तसं नसतं. योग्य केल्यावरही महिनाभर आधीच्या चुकीचंच पीक येत राहतं, आणि आपण बांधावर उभं राहून ते बघायचं.

रेखाला डोळे पिवळे दिसले त्याच संध्याकाळी पिंपरीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. गरोदरपणात ही कावीळ वाईट, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी एक दिवसाआड जायचे. ती कधी ओळखायची, कधी नुसतीच बघायची. तिचा नवरा भगवान बाहेर बाकावर बसलेला असायचा, कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच. एकदा त्याने मला विचारलं, "ताई, पाण्याचं आधी कळलं असतं तर?" त्याने दोष देण्यासाठी नव्हतं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, की तिने ते पाणी महिन्याभरापूर्वीच प्यायलेलं होतं. ते खरं होतं. रेखाच्या बाबतीत माझ्या तीन दिवसांनी काही बदललं नसतं. पण त्या तीन सकाळी खालच्या आळीत आणखी कोण कोण पाणी प्यायलं आणि नंतरच्या महिन्यात त्यांतलं कोण पडलं, ते मला कधीच कळणार नाही. कुणी विचारत नाही. मीच विचारते.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी रेखाला वेळेआधीच कळा लागल्या. मुलगी झाली. ती जगली नाही. रेखा वाचली.

दवाखान्यातून सुटल्यावर ती गावी गेली. जाताना माझ्याकडे आली, उंबऱ्यावरच उभी राहिली. अर्धवट राहिलेल्या ब्लाऊजांकडे बघून म्हणाली, "ती काजं तशीच ऱ्हायली बघा, ताई."  मी तिच्या पिशवीत तीळगुळाची वेळ नसताना तिळाचे लाडू कोंबले, कारण घरात तेवढंच होतं.

दिवाळीनंतर हळूहळू पेशंट कमी झाले. मग एका आठवड्यात नवा एकही निघाला नाही. मंगल दारात येऊन म्हणाली, "ताई, आज वही कोरी." आम्ही दोघी चहा प्यायलो.

निवडणुकीत मला आमच्या पॅनलने उभं केलं नाही, शब्बीरभाईंना त्यांच्या. जिंकलं तात्यांचंच पॅनल. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. निवडणुकीआधीच, त्या दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन स्वतः शब्बीरभाईंच्या घरी गेले, आणि तेव्हापासून ते येणं-जाणं राहिलं आहे. पण वार्डात माझ्याकडे बघून तोंड फिरवणारीही काही घरं अजून आहेत.

आता पुन्हा निवडणूक तोंडावर आलीय. चौकात परवा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर तात्या आणि पलीकडच्या पॅनलचे साहेब एकमेकांच्या हातात हात घालून हसतायत. कधी एक झाले, कुणाला ठाऊक. एवढी वर्षं ज्या भिंतीपायी आम्ही शेजाऱ्यांचे डबे थांबवले, ती दोघांनी एका जेवणावळीत पाडून टाकली. त्यांचीच माणसं मला विचारायला आली होती, "ताई, यंदा उभ्या ऱ्हाता का? लोक तुमचं नाव काढत्यात." मी अजून उत्तर दिलेलं नाही. हो म्हटलं तर पुन्हा कुणीतरी ओसरीवर बसवून थांबा म्हणेल, आणि मी थांबणार नाही याची खात्री मला अजूनही वाटत नाही. नाही म्हटलं, तर तिथे कोण बसेल?

गेल्या आठवड्यात ग्रामसभा झाली. मी मागे बायकांत बसले होते. नेहमीचे विषय झाले, दिवे, रस्ता, स्मशानभूमीची शेड. उठायची वेळ आली तेव्हा पुढून एक बाई उभी राहिली. रेखा. दोन वर्षांपूर्वी ती आणि भगवान परत आले, पुन्हा खालच्याच आळीत राहतात. सभेत मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"टाकी कवा धुतली?" तिने विचारलं.

तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझं मतदान कुठं हाय, बाई?"

"जिंतूरकडं हाय."

पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं, मग दोघं-तिघं. रेखाची मान खाली गेली, पण ती बसली नाही. मी उठायला लागले. शब्बीरभाईंनीही उठायला खुर्चीचा हात धरला होता. त्याआधीच मागच्या भिंतीपाशी उभं राहिलेलं कुणीतरी बोललं.

"मतदान तिकडं असंल, तात्या. पानी ती हितलं पिती. इचारलंय त्याचं उत्तर द्या की."

विलासभावजी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सभेतलं हसणं मात्र बंद झालं.

तात्यांनी ग्रामसेवकांकडे हात केला. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं. एक पान उलटलं, मग आणखी एक, मग परत मागे आले. तारीख काही सापडेना. कुणी खुर्ची सरकवली नाही, कुणी दाराकडे गेलं नाही. सगळे थांबलो होतो, आणि रेखा उभीच होती.